ऑइल बदलल्यापासून

उलव्यातल्या आमच्या शेजारच्या काकांनी गाडीचं इंजिन ऑइल स्वतःच बदललं आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली. रोज सकाळी गाडी चालू करून ते मला खाली बोलवायचे. “ऐक रे, आवाज बदललाय ना?” मला काहीच वेगळं ऐकू यायचं नाही. मेकॅनिकनेही गाडी ठीक असल्याचं सांगितलं होतं. पण काकूंना डायलिसिसला त्याच गाडीतून न्यायचं असायचं.

परवा काकूंना डायलिसिसला नेताना बेलापूरच्या वाटेवर इंजिन जाम झालं. काकांचा फोन आला तसा मी रिक्षा घेऊन पोचलो. काका तापलेल्या बोनेटवर तळहात दाबून उभे होते.

“हिला तू ने,” ते म्हणाले. “माझ्याबरोबर नको.”

काकू रिक्षात बसल्या. “अहो, चला ना,” त्या म्हणाल्या.

काकांनी बोनेटवरचा हात काढलाच नाही.