पाखाडीवरची भिंत

त्या भिंतीची केस आठवली की आजही स्वतःचाच राग येतो.

तेव्हा रत्नागिरी शहर पालीच्या रस्त्याने सड्यावर, वरच्या कातळी पठारावर, पसरत होतं. एकामागून एक कॉलन्या उठत होत्या. प्रत्येकीला कुंपण आणि हायवेवर एकच फाटक. शेजारच्या कॉलनीत जायचं तरी आधी हायवेवर यायचं! अशाच एका सोसायटीच्या अध्यक्षांनी माझ्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. मागची चिऱ्यांची भिंत महिन्यात तिसऱ्यांदा फोडली होती, तीही एकाच जागी. खालच्या वाडीतून पायऱ्यापायऱ्यांनी वर येणारी जुनी पाखाडी नेमकी तिथेच अडली होती.

पंचनामा केला, गस्त वाढवली. चोरीला काहीच गेलं नव्हतं.

खबर दिली दारोदार मासे विकणाऱ्या एका बाईने. "साहेब, चोर शोधताय, पण चिरे बघितलात काय? एकाचा कोपरा तुटलेला नाय. नीट रचून ठेवलेत. गवंड्याचा हात हाय तो."

आमच्या पंचनाम्यात नुसतं 'तोडफोड' लिहिलं होतं. भिंत बांधणाऱ्या गवंड्यालाच बोलावलं. साठीकडे झुकलेला माणूस.

"भिंत कोणी बांधली?"

"मी."

"आणि काढली?"

"ती पण मीच. बांधायची मजुरी घेतली, काढायची मागितली नाय."

हवालदारांना हसू आवरेना. मी दरडावलं, "काढायची होती तर बांधलीस कशाला?"

"दुसऱ्याने बांधली असती साहेब. त्याने चिरे असे बसवले असते की मला निघाले नसते."

त्याचं घर सोसायटीच्या पलीकडे, सड्यावर. विधवा थोरली बहीण खाली वाडीत एकटी, डोळ्यांनी अधू. रोज दुपारी ती पाखाडी चढून भावाकडे जेवायला यायची. पायऱ्या तिच्या पायांना पाठ होत्या. आता हायवेवरून वळसा, डंपरांच्या मधून.

"मग डबा पोचव," मी म्हणालो.

"डबा पोचेल हो. पण ताय माणसांत बसायला येते."

मी जबाब लिहून घेतला आणि त्याला तहसील कार्यालयात उभं करून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेतला. अडवलेल्या वहिवाटीची दाद त्याच कार्यालयात मागता येते. मला माहीत होतं. मी त्याला सांगितलं नाही. सोसायटीने काँक्रीटची भिंत घातली आणि मला शाल दिली. मी ती घेतली!

वर्षाने तो एसटी स्टँडवर भेटला. बहिणीला तिचा मुलगा मुंबईला घेऊन गेला होता. तिथे ती चार महिन्यांत गेली.

"भिंतीला परत हात लावलास का?" मी विचारलं.

"आता फोडली तरी येणार कोण?"

नकाशे मंजूर करणाऱ्यांना मी शिव्या घालतो, आणि घालणारच. प्लॉट मोजताना त्यातून कोण चालतं हे त्यांनी कधी विचारलं? पण मी तरी कुठे विचारलं? भिंत फोडल्याची तक्रार माझ्या टेबलावर होती. वाट बंद केल्याची तक्रार लिहून द्यायला त्या माणसाला कागद मी पुढे करायला हवा होता.