नकाशातला हिरवा चौकोन

श्री. यादवराव बऱ्हाटे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे नाना, यंदा पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी संपादक मंडळींनी माझ्याकडे दोन शब्द मागितले. दोन शब्दांत आटोपणारा माणूस मी नव्हे, हे अख्ख्या बऱ्हाणपुराला ठाऊक आहे. तेव्हा पुढच्या लांबणीला जबाबदार ही मंडळी.

नानांची माझी ओळख झाली ती भर वैशाखात. नवे राज्य झाले होते आणि आमचे कागद नागपूरऐवजी भोपाळला जाऊ लागले होते. नाना नगरपालिकेत ओव्हरसियर होते. मी नवा ट्रेसर, म्हणजे मूळ नकाशावरून प्रत उतरवणारा. तापीच्या पुराने राजघाटाजवळची वस्ती धुऊन नेली होती आणि त्या कुटुंबांसाठी निंबोल्याच्या रस्त्याला घरे बांधायची होती. नानांनी मला दुपारी बारा वाजता त्या माळावर नेऊन उभे केले. म्हणाले, "अर्धा तास थांबा. मग जिथे बसावंसं वाटेल, तिथे नकाशावर खूण करा."

माणूस डोक्यावर पडलेला दिसतो, असे मी मनात म्हटले. पण दहा मिनिटांतच माझे पाय आपोआप दोन जुन्या निंबांकडे वळले आणि खूण तिथे झाली. नानांनी त्या खुणेभोवती मोठा चौकोन आखून त्यात हिरवा रंग भरला. घरे त्याच्या चहूबाजूंनी बसवली. पत्र्याच्या घरात दुपारी जीव भाजून निघतो, बायामाणसांना आणि लेकरांना बसायला झाडे हवीत, एवढेच त्यांचे म्हणणे. कचेरीत काही जण हसले. खोटे कशाला बोलू, मीही हसलो.

भोपाळला जाणारी प्रत माझ्या हातची होती. आमच्या कचेरीचा जुना रिवाज असा, की नकाशात कोरी सोडलेली जागा म्हणजे राखीव जागा. नानांनी मला बजावले होते, की तिकडची माणसे नवी आहेत, रंग भरा आणि 'झाडांसाठी' असे वर लिहा. मी कंटाळा केला. चौकोन कोराच गेला. मंजुरी परत आली तेव्हा त्या कोऱ्या जागेत चार घरे आखलेली होती. ते कोणाच्या लक्षात येण्याआधी चार कुटुंबांना त्या घरांच्या चिठ्ठ्याही वाटून झाल्या.

नगरपालिकेच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारले, चूक कोणाची? माझी नोकरी कच्ची, लग्न नवे. मी हातातली नकाशाची गुंडाळी उगाच सोडून पुन्हा गुंडाळू लागलो. नाना शांतपणे म्हणाले, "नकाशा माझ्या सहीने गेला. चूक माझी आहे." त्यांची बढती अडली ती त्यामुळे.

मग ते चिठ्ठीवाल्यांकडे स्वतः गेले. मी खाली मान घालून मागे. त्यांत गंगूबाई म्हणून एक विधवा होत्या. पुराने त्यांचे भांडेसुद्धा ठेवले नव्हते. नानांनी झाडांचे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "सावली काय खाऊ मी, भाऊ? आधी छप्पर दे."

गंगूबाईंचे म्हणणे खरे होते. वस्तीच्या टोकाला ओव्हरसियरला, म्हणजे नानांना, स्वतःची बंगली बांधायला मोठी जागा राखलेली होती. नानींनी तिथे तुळस कुठे लावायची तेही ठरवून टाकले होते. दुसऱ्या दिवशी नानांनी ती जागा सोडल्याचे पत्र लिहिले आणि तिच्यात चार घरे बसवून नकाशा पुन्हा पाठवला. नानी चार दिवस बोलल्या नाहीत, असे त्या आता हसत सांगतात.

मला नाना कधीही बोलले नाहीत. फक्त पुढे प्रत्येक नकाशा देताना हिरव्या रंगाची वाटी स्वतः कालवून माझ्या टेबलावर आणून ठेवत. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

आज त्या मैदानात निंबांची राई झाली आहे. नाना मात्र अजून भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. वर पत्रा, दारात झाडाचे नाव नाही. संध्याकाळी काठी टेकत ते त्या राईत जातात. गंगूबाईंच्या सूनबाई त्यांच्यासाठी खाट टाकून ठेवतात.

हा प्रसंग लिहितो म्हटल्यावर नाना म्हणाले, "जुनं कशाला उकरता?" मी आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांचे ऐकत नाही. ती चूक माझी होती. अध्यक्षांसमोर जे बोलायचे राहिले, ते आज सगळ्यांसमोर लिहून देतो.

नाना, तापीमाई तुम्हाला शंभर वर्षे देवो, गुडघे धड राहोत, आणि नानींचा राग चार दिवसांच्या वर न जावो. त्या जागेवर पहिली खूण माझी होती, पण इतक्या वर्षांत मला त्या सावलीत बसायचा धीर झाला नाही. सत्काराच्या दिवशी संध्याकाळी येतो. खाटेवर थोडे सरकून बसा.