सासऱ्यांच्या उजव्या हाताची जागा

लोह्याजवळच्या एका गावात बसून इंग्लंडचा किनारा माझ्या सासऱ्यांइतका जवळ आणणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही. इतिहासाचे निवृत्त मास्तर. हैदराबादच्या पुढं कधी गेले नाहीत. पण हजारेक वर्षांपूर्वी नावा भरभरून इंग्लंडवर चालून जाणारे व्हायकिंग त्यांना भावकीतल्यासारखे ठाऊक. स्थळ म्हणून मला बघायला आले तेव्हा पगार विचारला नाही. “डावखुरे तर न्हाईत ना?” एवढंच विचारलं. ढालींच्या रांगेत एक डावखुरा घुसला की फट पडते म्हणे. शिंगांच्या टोपाचं चित्र दिसलं की त्यांचं पित्त खवळतं. “शिंगं देवणी बैलाला शोभतात! लढाईत डोक्यावर शिंगं म्हणजे दुश्मनाला धरायला मूठच करून दिली की!” तलवार आणि लोखंडी कड्यांचा अंगरखा ही बड्यांची चैन, साध्या गड्याकडं भाला आणि गोल लाकडी ढाल, हे ते सासूबाईंना भाकरी थापतानाही ऐकवतात. सासूबाई विचारतात, “आन् त्यायला जेवायला कोन घालत होतं?”

गेल्या हिवाळ्यात रानडुकरांनी त्यांचा हरभरा उधळायला सुरुवात केली. गाव म्हणालं, कुंपणाला झटका मशीन लावा. सासरे म्हणाले, ढालींची भिंत. गाव पोट धरून हसलं, तेव्हा ते इरेला पेटले. केबलच्या ड्रमच्या गोल फळ्या आणल्या, मधल्या भोकांवर मूठ झाकायला सासूबाईंच्या आमटीच्या वाट्या ठोकल्या. भावकीतली चार पोरं जमवली, त्यांना अंगरख्याऐवजी वाकळा गुंडाळल्या, डोक्यावर घमेली. नियम एकच : आपली ढाल अर्धी आपल्याला, अर्धी डावीकडच्याला. सासऱ्यांच्या उजवीकडं खरं तर मेहुणा हवा होता. तो बैल अंगावर आला तरी हलत नाही. पण जावई हजर असताना मानाची जागा दुसऱ्याला कशी द्यायची? “जावईबापू, तुम्ही माझ्या उजव्या हाताला!” मी लातूरच्या शाळेत पी.टी. शिकवतो. छाती फुगवून म्हणालो, “मामा, मुंगीसुद्धा आत जाणार नाही.”

उजाडता उजाडता ओढ्यातून एक डुकरीण निघाली, मागं सगळं खटलं. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. पुढचं मला आठवतं ते बाभळीवरून. काटे नंतर जाणवले. माझ्या जागेतून कळप घुसला, सासरे ढालीसकट आडवे, अर्धा हरभरा सपाट.

“दाजी, मुंगी न्हाई गेली बघा आत!” मेहुणा खालून ओरडला.

सासरे चिखलातून उठले आणि त्याच्यावरच खेकसले, “तू गप रे! जावईबापूंचं काय चुकलं न्हाई. जमीनच वली होती.” मग वर बघून अदबीनं म्हणाले, “उतरा आता. च्या घ्या.”

मला एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

यंदाही भिंत उभी राहते. मला बांधावर खुर्ची आणि चहा. सासऱ्यांच्या उजवीकडं एका माणसाची जागा रिकामी असते. मेहुणा सरकू लागला की ते त्याला कोपरानं मागं ढकलतात. “तिथं न्हाई. ती जावईबापूंची जागा हाय.” डुकरं तिथूनच आत जातात. मी कप खाली ठेवतो, उठतो, दोन पावलं टाकतो. तेवढ्यात ओढ्याकडं काहीतरी खसफसतं आणि मी परत खुर्चीत. ते वळून बघत नाहीत. उजवी बाजू तशीच उघडी ठेवून उभे राहतात.