बाबा आणि पांढऱ्या पानांची जास्वंद

लग्नानंतर माझे सासरे अकरा महिने माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

काल सकाळी ते गेले. चहा घेतला, पेपर मागितला, आणि गेले.

आमचं लग्न जातीबाहेरचं. बाबा सावनेरकडच्या शेतकरी घरातले, नोकरीसाठी नागपूरला आलेले. त्यांना पटलं नव्हतं. कधी आवाज चढवला नाही, पण काही सांगायचं असलं तर सासूबाईंमार्फत.

पहिल्या दिवाळीला चिपळूणहून आईच्या जास्वंदीचं रोप आणलं. फूल लाल, पानं हिरवी-पांढरी, कडेला गुलाबी झाक. नागपूरच्या कडेला, बेसा भागातल्या आमच्या घरासमोर लावलं. तेव्हा आजूबाजूला नुसते रिकामे प्लॉट.

आणि डिसेंबरची थंडी!

कोकणातल्या मला काय कल्पना? दोन दिवसांत पानं काळी पडून गळली. काड्या उरल्या. सकाळी रडतच उपटायला वाकले.

"थांब वं. उपटू नको."

मागे बाबा. मी आधी इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं.

त्यांनी नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं.

"जित्ती आहे. पाणी कमी दे. अन् संध्याकाळी झाकत जाय."

झाकायला पोतं त्यांनीच शोधून आणलं.

फाल्गुनात फुटवे आले. एक तर पूर्ण हिरवा, चांगला जोमदार. मी खूश! दुसऱ्या दिवशी पाहते तर बाबा नेमका तोच कात्रीनं कापत होते.

"बाबा, काहून कापून राहिले? इतक्या मुश्किलीनं आला!"

पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. तेही चक्क नागपुरीत.

बाबा हसले. "हिरवा फुटवा सगळा जोर खाऊन टाकते. त्याले ठेवलं तं पांढरं पान येतच नाही."

मग दर हिवाळ्यात पोतं बांधणं हे बाबांचं काम. गेल्या वर्षी वाकता येईना, तर खुर्चीत बसून मला ऑर्डर. "इकडून ढिलं राहिलं. नीट बांध."

त्याच दिवशी मी विचारलंच.

"बाबा, तेव्हा इतके महिने का नाही बोललात माझ्याशी?"

बाबांनी उरलेली सुतळी बोटाला गुंडाळली.

"राग तं चार महिन्यांतच गेला होता, बाई. पण बोलाले सुरुवात कुठून करावी, तेच समजेना."

बाबा, आता आरामात राहा.

तुमच्या सुनेचा मनापासून नमस्कार.