मावशी कपाटात, लॅपटॉप बाहेर

माझी मावशी चिडत नाही, ती चिडलेलीच असते. मधूनच जरा कमी चिडते, त्या वेळेला घरात सुटी समजतात. तिचं टोपणनाव तोफ. ते तिला माहीत आहे. ते कुणी ठेवलं याचा तपास मात्र अजून चालू आहे, म्हणून मी त्याबद्दल जास्त काही लिहीत नाही.

तिची सगळी नोकरी एका मोठ्या बसस्थानकावर, काचेच्या खोलीत, माइकसमोर गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे हे ती अशा काही आवाजात सांगायची की बाकावर झोपलेले ड्रायव्हर दचकून स्टिअरिंग शोधायचे. ती सवय घरीही आली. "लक्ष द्या! पेपरात तोंड खुपसून बसलेल्या गृहस्थांनी ताबडतोब स्वयंपाकघराशी संपर्क साधावा!" ते गृहस्थ म्हणजे आमचे काका, मावशीचे यजमान. ते ताबडतोब संपर्क साधत.

मग स्थानकावर संगणक बसवला. कुणा बाईच्या आवाजाचे तुकडे जोडून तो घोषणा करू लागला आणि मावशीला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. गुच्छ तिने फाटकाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. "गाडी रद्द झाली हे ती टवळी लग्न ठरल्यासारखं सांगते!" असं ती आजही म्हणते. आजही म्हणजे आज सकाळीसुद्धा.

नंतर ती अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचू लागली. ती वाचणार, आवाज ध्वनिमुद्रित होणार, आणि न दिसणारी माणसं घरोघरी ऐकणार. एका गलबताच्या कप्तानाची जाडजूड कादंबरी तिच्या वाट्याला आली आणि तेवढ्यात ग्रंथालयाच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीला ओल लागली. सगळ्यांनी घरूनच ध्वनिमुद्रण करून पाठवा, असा निरोप आला. मावशीने फोनवर पहिलं प्रकरण वाचून पाठवलं. ग्रंथालयाच्या बाईंनी ते ऐकलं.

"ताई, कप्तान समुद्रात आहे, पण मागे मिक्सर चालू आहे, आणि कुणीतरी जिना झाडतंय. असंच येणार असेल तर नाइलाज आहे. पुस्तक संगणकाच्या आवाजाला द्यावं लागेल."

झालं! मावशीने फोन असा ठेवला की टेबलावरचा चष्मा खाली पडला. "एकदा त्या टवळीने माझी खुर्ची घेतली. आता माझा कप्तान घेणार? माझ्या मढ्यावरून! अरे ऊठ, बसून काय राहिलास? माइक आणायला चल!"

दुकानातला तरुण केसांची शेंडी बांधलेला आणि गळ्यात हेडफोन घातलेला होता. त्याने पहिल्याच वाक्यात "काकू" म्हणून स्वतःचं नुकसान करून घेतलं.

"काकू म्हणू नकोस. माइक दाखव."

त्याने आधी थेट संगणकाला लागणारा यूएसबी माइक दाखवला. एक वायर, काम संपलं. पण त्यातलं काही बिघडलं की अख्खा माइकच बदलायचा, आणि हा होता भलताच तिखट कानाचा. शेजारणीचा सुस्काराही टिपणार. मग त्याने एक धातूची डबी काढली. तिला ते लोक ऑडिओ इंटरफेस म्हणतात. वेगळा माइक एका जाड वायरने या डबीत खुपसायचा आणि डबी यूएसबीने संगणकाला जोडायची. माइक उद्या बदलावासा वाटला तरी डबी तीच राहते.

"ही आठ माइकवाली घ्या ना, पुढेमागे उपयोगी पडेल."

"आमच्या घरात बोलणारी मी एकटी आहे. बाकीच्यांना परवानगी नाही. एक भोक असलेली दाखव."

"कमीत कमी दोन असतात."

"मग एक बंद ठेवीन. आणि माइक कुठला?"

"घरात गोंगाट असेल तर हा डायनॅमिक घ्या. अगदी तोंडाजवळ येऊन बोललं तरच ऐकतो. लांबचं काही त्याच्या कानावर जात नाही."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या काकांसारखा आहे. हाच घे."

घरी आल्यावर जागेचा शोध सुरू झाला. सगळ्यात शांत जागा निघाली कपड्यांचं कपाट. कोट आणि जाड गोधड्या आवाज पिऊन टाकतात. मावशी आत स्टुलावर बसली, मांडीवर पुस्तक, समोर माइक, कानाला हेडफोन, पायाशी डबी. लॅपटॉपचा पंखा घरघरत होता, म्हणून त्याची रवानगी लांब वायरने हॉलमधल्या टेबलावर झाली. काकांची नेमणूक लॅपटॉपजवळ. आतून टकटक झाली की लाल बटण दाबायचं, पुन्हा टकटक झाली की थांबवायचं, आणि मधल्या काळात नीट वागायचं.

पहिल्यांदा बोलताच मावशी किंचाळली, "अरे, मला माझाच आवाज उशिरा ऐकू येतोय! कपाटात दुसरी कुणीतरी बसलीय!" आवाज संगणकात जाऊन परत येईपर्यंत जो उशीर होतो, तो हा. डबीवर त्यासाठी बटण असतं. ते दाबलं की डबी तुमचा आवाज संगणकात न फिरवता थेट तुमच्या कानात घालते. मी दाबलं. मावशी खूश झाली, म्हणजे तिने शिवी दिली नाही. मग बोलताना डबीवरचा दिवा हिरवा राहील अशी आवाजाची खुंटी फिरवली. चिडली की तांबडा होई. तांबडाच होई.

"काका, पडद्यावर आवाजाची पट्टी हलतेय का?" मी विचारलं.

"हलतेय की!" काका म्हणाले, आणि खरंच हलली.

कप्तान निघाला. मावशी रोज कपाटात जाई आणि काका ध्वनिमुद्रण ग्रंथालयाला पाठवून देत. ऐकून कुणीच पाहिलं नाही. तसा तिचा कायदाच होता. "घोषणा करणारी बाई स्वतःची घोषणा परत ऐकत बसत नाही. सुटलेली गाडी सुटली."

मग ग्रंथालयाच्या बाईंचा फोन आला. "ताई, कप्तान फार लांबून बोलतोय, विहिरीत पडल्यासारखा. आणि जवळून एक गृहस्थ टोस्ट खाताहेत. सोमवारी मी पुस्तक संगणकाकडे देतेय. क्षमा करा."

मावशीने मला बोलावून घेतलं. आम्ही तिघं लॅपटॉपसमोर बसलो आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची घोषणा परत ऐकली. लांबून, खोलातून, कप्तान वादळात सापडला होता. जवळून, अगदी कानाशी, कुर्रम कुर्रम. मग काकांचा आवाज, फोनवर:

"तोफ? कपाटात आहे. अरे, सुख म्हणतात ते हेच!"

मग फोनच्या स्पीकरवरून माझा आवाज, हसत: "काका, बाहेरून कडी आहे का हो?"

मावशीने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. त्यानंतर जे झालं ते छापण्यासारखं नाही. मी थोर खानदानाला लागलेला डाग आहे, काका टोस्टसाठी जन्माला आले आहेत, आणि दुकानातल्या शेंडीची शेंडी कापायला हवी, हा त्याचा सभ्य सारांश.

"अगं, पण डबीचा दिवा तर लागत होता!" काका म्हणाले.

"मला माझा आवाज इतका स्वच्छ येत होता! कानात अगदी गोड!"

तेव्हा मला कळलं. तिच्या कानात आवाज थेट डबीतून येत होता, आणि संगणकाने डबीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ध्वनिमुद्रण कुठून करायचं, त्या पडद्यावरच्या खान्यात लॅपटॉपचा स्वतःचाच माइक निवडलेला होता. मावशी कपाटात जीव ओतत होती आणि लॅपटॉप हॉलमध्ये बसून काकांना ऐकत होता. पट्टी हलत होती ती काकांनी "हलतेय की" म्हटलं म्हणून. मी खान्यात डबीचं नाव निवडलं. एवढंच काम होतं.

"एवढंच?" मावशी म्हणाली. हा प्रश्न तिने ज्या आवाजात विचारला, त्याने स्थानकावरच्या सगळ्या गाड्या एकदम सुटल्या असत्या.

त्याच दुपारी ती कपाटात शिरली आणि पहिलं प्रकरण पुन्हा वाचून पाठवलं. सोमवारच्या आत ग्रंथालयाच्या बाईंचा फोन आला.

"ताई, आवाज एकदम स्वच्छ. पण कप्तान बायकोचा निरोप घेताना इतका खवळलेला का आहे?"

"नवरा आहे ना तो? मग वाचताना माझा आवाज चढणारच."

"पुस्तक तुमच्याकडेच ठेवा," बाई म्हणाल्या. "मात्र सगळं पहिल्यापासून वाचायला लागेल."

आता रोज ध्वनिमुद्रणाआधी परीक्षा असते. मावशी कपाटातून माइकवर नख घासते, पट्टी हलली पाहिजे. मग ती हेडफोन घालून दार लावून घेते आणि आतून घोषणा होते: "लक्ष द्या! हॉलमधल्या गृहस्थांनी आता जोरात ओरडावं!"

या वेळी पट्टी हलता कामा नये. काका लॅपटॉपवर वाकतात, छाती भरून घेतात आणि इतक्या वर्षांत कधी न मिळालेल्या परवानगीने ओरडतात, "मला टोस्ट खाऊ दे! पेपर वाचू दे! मी येणार नाही स्वयंपाकघरात! येणार नाही, जा!"

पट्टी तसूभरही हलत नाही.

"ओरडलात का?" दार किलकिलं करून मावशी विचारते.

"हो," काका घाम पुसत म्हणतात.

"काही ऐकू आलं नाही. छान. बटण दाबा."