पद्मजाबाई आणि डुकराचा रुपया

पद्मजाबाईंना प्रश्न विचारायची खोड होती. मेथी कुठली, एवढं विचारून त्या थांबत नसत. कोणत्या गाडीनं आली, रात्रभर कशाखाली झाकली होती, इथपर्यंत जात. रोडपालीच्या त्यांच्या सोसायटीत नवा वॉचमन आला की पहिल्याच दिवशी त्याच्या सासुरवाडीपर्यंतची माहिती बाईंकडे जमा होई. यात दुष्टपणा मुळीच नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे, आणि कोणी इतकं मनापासून विचारतंय म्हटल्यावर माणसंही सांगून मोकळी होत.

नोकरीही अशी मिळाली की खोडीला पगार सुरू झाला. बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका एजन्सीत त्यांनी उभी हयात काढली. माल कुठून आला आणि तिथूनच आला कशावरून, हे सांगणारे दाखले तपासायचे, हे त्यांचं काम. कागद अगदी खरा आणि पेटीत माल भलताच, असं त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं, की पुढे लग्नाच्या पत्रिकेवरचा मुहूर्तसुद्धा त्या पंचांग उघडून ताडून बघत.

निवृत्त झाल्यावर ही सगळी भूक नाण्यांकडे वळली. तीही साधीसुधी नाही, ज्या नाण्यात काहीतरी गोची आहे अशी. त्यातला त्यांचा सगळ्यात लाडका होता १९११ चा रुपया. त्यावर पंचम जॉर्जच्या झग्यावर एक इवलासा हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड पडली की लोकांना तो हत्ती वाटेचना, डुक्कर वाटलं. ओरड झाली, सरकारनं रुपये मागे घेऊन वितळवले, आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड दिली. मागे उरलेल्या त्या डुकराच्या रुपयाचा बाईंनी ध्यासच घेतला होता.

“एवढा शोध तू माझ्यासाठी घेतला नव्हतास,” त्यांचे यजमान सत्यजीत म्हणत.

“तुमची चौकशी मामांनी केली होती. तिथेच चूक झाली,” बाई म्हणत.

दिवाळी झाल्यावर एका विक्रीच्या ॲपवर तो त्यांना दिसला. परदेशातल्या एका नामांकित कंपनीनं तपासून, दर्जा ठरवून प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेला. डबीवर लेबल, लेबलवर नंबर. विकणारा प्रितेश नावाचा माणूस, राहणार मोरा, म्हणजे अगदी दाराशीच. किंमत मात्र बाजारापेक्षा कमी होती. बाईंचे कान टवकारले.

त्यांनी पद्धतशीर सुरुवात केली. लेबलवरचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला, तर तिथे नाण्याचा फोटो आला. पण नंबर काय, खऱ्या डबीवरून उतरवून खोट्या डबीवरही छापतात. म्हणून त्यांनी प्रितेशकडून आजच्या पेपरवर डबी ठेवून नवा फोटो मागवला आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून, चष्मा कपाळावर सरकवून, खुणा जुळवत बसल्या. राजाच्या कानामागचा ओरखडा जुळला. कडेची बारीक खोच जुळली. मग नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर त्यांनी विचारलं, या नंबराचं नाणं कोणाचं चोरीला गेलंय का? कोणाचंच गेलं नव्हतं.

कागद स्वच्छ होता. बाईंना झोपेतही हत्ती दिसायला लागला.

फक्त लेबलवर एक शेरा होता: मागच्या बाजूला लाल डाग. त्या डागापायी गिऱ्हाइकं फिरकत नव्हती आणि किंमत उतरली होती. बाईंनी फोटो मोठा केला. मागच्या बाजूच्या वेलबुट्टीत, पानांच्या खाचांमध्ये लाल काहीतरी बसलं होतं, कडेला जरा पिवळट. त्या बघत राहिल्या आणि एकदम मोठ्यानं हसल्या.

“अहो, इकडे या! त्या परदेशातल्या तज्ज्ञांना कळलंच नाही. हे हळदकुंकू आहे!”

सत्यजीतांनी वाकून पाहिलं. “मग बरंच झालं की. पुजलेला रुपया आहे.”

बाईंचं हसू तिथेच थांबलं. पुजलेला रुपया. म्हणजे कोणाच्या तरी देव्हाऱ्यातला. लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवायचा, पुन्हा देवांजवळ ठेवून द्यायचा. तो असा डबीत बंद होऊन मोबाइलवर विकायला कसा आला?

“लोक गरजेला काहीही विकतात गं,” सत्यजीत म्हणाले. “नंबर जुळला, फोटो जुळला. घेऊन टाक.”

“नंबर फक्त रुपया खरा आहे एवढंच सांगतो. तो ह्या माणसाचा आहे, असं कुठे सांगतो?”

आणि आयुष्यात पहिल्यांदाच पद्मजाबाईंना पुढचा प्रश्न विचारू नये असं वाटलं. विचारला तर रुपया हातचा जाणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. दोन दिवस त्या स्वतःशीच भांडल्या. तिसऱ्या दिवशी चहा ठेवायच्याही आधी त्यांनी प्रितेशला फोन लावला.

फोन एका बाईनं उचलला. “पित्या आंघोलीला गेलाय. मी त्याची आई, कृष्णाबाई. काय काम हाय?”

“तुमच्या घरचा तो जुना रुपया विकायचा आहे ना, त्याबद्दल बोलायचं होतं.”

पलीकडे काही ऐकू येईना. फोन बंद झाला असं वाटून बाई दोनदा हॅलो म्हणाल्या.

“हां,” कृष्णाबाई सावकाश म्हणाली. “हाय. मीच दिलाय विकायला. मी सोता घेऊन येतंय त्याला. कुठं भेटायचं?”

मोऱ्याहून येणाऱ्यांना आणि आपल्यालाही बरं पडेल म्हणून बाईंनी पळस्पे फाट्यावरचं एक हॉटेल सांगितलं. मालकीणच येते म्हणाली, आता शंकेला जागा कुठे होती? पण ती मधली शांतता काही बाईंच्या कानातून जाईना.

रविवारी सकाळी मायलेक मोटारसायकलवरून आले. कृष्णाबाई साठीची, हिरवं लुगडं, केसात अबोलीचा वळेसर. मागून प्रितेश, तिशीचा, मान खाली. बाईंनी तिला मावशी म्हणून शेजारी बसवून घेतलं आणि तीन चहा सांगितले. प्रितेशनं खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी हात पुढे केला, पण कृष्णाबाईनं आधी उचलली. तिनं ती उलटीपालटी केली. वरून बोट फिरवलं, ते प्लॅस्टिकवरच घसरलं. कडेला नख घालून पाहिलं. उजेडाकडे धरली आणि आतल्या कुंकवाकडे बघत राहिली. हिनं ही डबी आज पहिल्यांदा पाहिली, हे बाईंना सांगायला कोणत्याही वेबसाइटची गरज नव्हती.

“मावशी, कधी दिलात तुम्ही हा यांच्याकडे?” त्यांनी विचारलं. सवयीनं तोंडातून निघून गेलं.

“गणपतीत,” प्रितेश घाईघाईनं म्हणाला.

“शिमग्याला,” कृष्णाबाई त्याच दमात म्हणाली.

प्रितेशनं मान वर केली आणि आईकडे पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. त्यानं देव्हाऱ्यातून रुपया उचलला तो शिमग्यालाच. म्हणजे आईला तेव्हापासून ठाऊक होतं. पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली, आणि ती गप्प राहिली होती.

पद्मजाबाईंना सगळं कळलं. असा दाखला ऑफिसात आला असता तर त्यांनी लाल शाईनं परत पाठवला असता. पण इथे खोटं बोलणारी स्वतः मालकीण होती, आणि ती त्यांच्याकडे बघत होती. ताई, आता पुढं विचारू नका, एवढंच त्या बघण्यात होतं. मान डोलावली असती तर रुपया बाईंचा होता. मालकिणीच्या तोंडच्या परवानगीनं, राजरोस. त्यांना तो हवा होता, फार हवा होता.

“मावशी,” त्या म्हणाल्या, “घरात अजून नीट बोलणं झालेलं दिसत नाही. आज राहू द्या.”

प्रितेश ताडकन उठला आणि बाहेर गेला. रागावून निघून गेला, असं बाईंना वाटलं. पण तो परत आला तो हातात गाडीचा पाना घेऊन. कोणी काही म्हणायच्या आत त्यानं डबी फरशीवर ठेवली आणि तिच्या कोपऱ्यावर पाना हाणला.

“अहो, अहो, नंबर!” बाई ओरडल्या. डबी फुटली की कंपनीची हमी संपली, दर्जा संपला, सगळं संपलं. हॉटेलवाला गल्ला सोडून धावत आला. दुसऱ्या फटक्याला प्लॅस्टिक तडकलं. प्रितेशनं तुकड्यांतून रुपया अलगद सोडवून घेतला, आईच्या हातात दिला आणि तिथेच उकिडवा बसून राहिला. त्याच्या अंगठ्याला प्लॅस्टिक लागून रक्त आलं होतं.

कृष्णाबाईनं रुपया मुठीत धरला. मग तिला शेजारी उभ्या पद्मजाबाईंची आठवण झाली आणि तिनं मूठ उघडली. “घ्या ताई. येवढ्या आशेनं आलाव. बघून घ्या.”

पद्मजाबाईंनी तो तळहातावर घेतला. डबीतून कधीच कळलं नसतं असं त्याचं वजन होतं. त्यांनी राजाचा झगा डोळ्यांजवळ नेला. होता. चार पाय, गोल अंग, आणि सोंड म्हणावी तर सोंड नाही. त्यांना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. त्यांनी कृष्णाबाईला ती हत्तीची आणि डुकराची सगळी गोष्ट सांगितली.

“अगो बया!” कृष्णाबाई वाकून बघायला लागली. “आमी ही बाजू कधी वर ठेवलीच नाय. सासू म्हणायची, राजाला कशाला पुजायचं? फुलाची बाजू वर ठेव.”

रुपया परत देताना बाईंना क्षणभर जड गेलं, खोटं कशाला सांगा. कृष्णाबाईनं तो पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. बाईंनी चहाचे पैसे दिले. पैशांची नड कसली होती, हे त्यांनी प्रितेशला विचारलं नाही. तो विचारायचा हक्क त्यांचा नव्हता.

बाहेर गोव्याकडे जाणाऱ्या ट्रकांचा गोंगाट होता. प्रितेश गाडीवर बसला, पण किक मारीना. कृष्णाबाई त्याच्या शेजारी उभी होती. तिनं पिशवीतून रुमाल काढला, त्याचा हात ओढून घेतला आणि अंगठ्याला घट्ट बांधला.

“शिमग्यापासून वाट बघतंय मी,” ती म्हणाली. “येवढं अडलं होतं, तर मला बोलायचं नाय रे?”