गारठ्याची वाट

आमच्या थंड हवेच्या गावी मी कचेरीसमोर अर्ज लिहितो. काल बंगल्याची बाग राखणाऱ्या सखूबाईंनी माझ्या मेजावर जास्वंदीचे एक पान ठेवले. आगीत होरपळल्यासारखे ते काळे पडले होते. परंतु ही करणी थंडीची होती.

"काका, गारठा पाण्यावानी उताराला येतो. मालकांनी बागेच्या खालच्या अंगाला भिंत घातली, तवापासनं तो बागेतच साचतोय. आज रातीबी साचला तर झाडं जातील, अन् माझी नोकरीबी."

आजवर माझ्या लेखणीने असंख्य अर्ज सिद्ध केले. बहुतेकांना कुणाला तरी अडवावयाचे होते. नकोशा पाहुण्यास निघून जाण्यापुरती वाट द्यावी, ही मागणी प्रथमच आली. अडवलेले असे किती काही माणसांतही साचून करपत असेल, या विचाराने मी अस्वस्थ झालो आणि दोन पाने भरून वाचून दाखविली.

बाईंची नजर उतरत्या उन्हावर होती. "लई झ्याक! पण मालक वाचेस्तोवर झाडं मरतील की."

मी ती पाने बाजूस सारली व कोऱ्या कागदावर एवढेच लिहिले : 'भिंतीच्या तळाचे चार दगड आजच काढू द्यावेत.'

अंगठा उठविण्यासही न थांबता बाई तो कागद घेऊन बंगल्याच्या चढाला लागल्या.